दुकानाच्या पाटीची मोहीम तात्यांनी फत्ते केली त्याची हकीकत

विद्यमान समयी, छापावयाच्या प्रत्येक अक्षरास आधी संगणकाच्या पडद्यावर हजेरी द्यावी लागे ऐसा काळ प्राप्त जाहला असता, एका गृहस्थाने आपल्या कुटुंबाच्या नव्या दुकानाची पाटी घरबसल्या स्वहस्ते रचण्याचा विडा उचलिला, आणि त्यात कैसे प्रसंग गुदरले, कोण कामास आले, कोण नुसतेच चहास आले, हे जैसे घडले तैसे, पदरचे फारसे न घालता, येथे लिहिले जाते.

राजमान्य राजश्री तात्या, टपाल कचेरीचे माजी मुद्रांकदार, यांची हयात दुसऱ्यांच्या लखोट्यांवर शिक्के मारण्यात गेली. त्यांचे कुटुंब, सुईदोऱ्याच्या रणात अजिंक्य, यांस सारी गल्ली काकू म्हणे, आणि दुसरे काही नाव त्यांस असेल याची कोणास चौकशी नव्हती. काकू वीस वर्षे मागच्या खोलीत मशीन चालवून बाजारातील बड्या दुकानाचे कपडे शिवीत, आणि कपड्याच्या मानेशी चिठ्ठी मात्र त्या दुकानाची लागे. मग यंदा हिंमत धरून त्यांनी स्वतःचा गाळा घेतला, आणि या मोहिमेच्या दुसरे दिवशी सकाळी दहास तो उघडावा हे मुक्रर जाहले. बाकी सर्व सिद्धता काकूंची, पाटी तेवढी तात्यांच्या शिरी. ती वेळेवर न लागली तर काकू आपल्याच दुकानात बिननावाच्या राहतील, ही धास्ती तात्यांस मोठी होती.

मग तात्यांनी काकूंच्या पेटीतील पिवळी टेप हस्तगत करोन गाळ्यावर कूच केले, पाटीची लोखंडी चौकट मोजिली, लांबी बहात्तर इंच व उंची अडतीस इंच ऐसे टिपोन घेतले, आणि घरी येऊन आंतरजालावरील चित्ररचनेच्या फुकट मुलखात प्रवेश केला. तेथे तयार नमुन्यांची फौज हजारोंनी उभी. मसलतीस मेव्हणे हजर जाहले. ते दर दहा मिनिटांनी नवा रंग सुचवीत आणि दर वीस मिनिटांनी चहा. तीन तास झुंज चालोन हिरव्या भूमीवर पांढरी अक्षरे कायम जाहली, मध्यभागी काकूंचे संपूर्ण नाव पाटी व्यापून बसले, आणि मेव्हण्यांच्या आग्रहावरून अगदी तळाशी, कडेला चिकटोन, 'व्यवस्थापक' म्हणोन तात्यांचेही नाव विराजमान जाहले. तात्यांनी नको नको म्हटले, परंतु फार मोठ्याने म्हटले नाही.

मग पडद्याचा फोटो काढोन तो छापखान्याचे किल्लेदार भाऊ यांजकडे रवाना केला. तत्काळ फोन आला.

"तात्या, हा फोटो आहे हो. एवढा मोठा छापला तर नुसतं धुकं दिसेल. छपाईची पीडीएफ पाठवा."

पहिली शिकस्त ती. मग उतरवून घेण्याची कळ शोधिता शोधिता चार वाजले, आणि पीडीएफ रवाना जाहली. त्यावर दुसरे फर्मान आले.

"आता अक्षर स्वच्छ आहे. पण तुम्ही दिलेल्या मापाबरोबर रंग संपतोय. चौकटीवर कापड ताणून मागं दुमडायला चारही बाजूंनी इंचभर जास्त लागतो. आणि लवकर करा, पाचला मशीन बंद."

तात्यांनी आकार बदलण्याची कळ दाबिली, तो तीवर सोनेरी मुकुट झळकला, आणि खंडणी भरल्याविना आकार बदलणार नाही ऐसा हुकूम उमटला. खंडणीस बँकेचे कार्ड पाहिजे, आणि तात्यांनी कार्ड जन्मात बाळगिले नव्हते. नव्याने रचावे तर तीन तास कोठून आणावे? तोंडचे पाणी पळाले. मेव्हण्यांसही चहा गोड लागेना.

इतक्यात काकू टाचण्या नेण्यास घरी आल्या. दोन शूरांची तोंडे पाहोन त्यांनी हकीकत पुसली, आणि ऐकोन घेऊन एकच सवाल केला.

"चौकट मोजलीत कशानं?"

"तुझ्याच टेपनं. पिवळ्या."

काकू खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांस पाणी येईतो हसल्या.

"अहो, तिचे पहिले दोन इंच केव्हाच तुटलेत! ती दोनापासून सुरू होते. मी दरवेळी दोन वजा करते."

"मग टाकून का नाही दिलीस?"

"हाताला बसलीय. तर चौकट सत्तर बाय छत्तीस. म्हणजे चारही बाजूंनी इंचभर जास्त आहेच की! आम्ही शिवणीला माया सोडतो तशी. भाऊंना म्हणावं, तेवढं मागं दुमडा."

इतके बोलोन काकू टाचण्या घेऊन चालत्या जाहल्या. परंतु तात्यांची नजर पडद्याच्या तळाशी गेली. जो इंच दुमडावयाचा, त्यातच त्यांचे स्वतःचे नाव होते. मेव्हणे म्हणाले, वर सरकवा. सरकविले, तो ते काकूंच्या नावास भिडले. मेव्हणे म्हणाले, तिचे नाव जरा बारीक करा. येथे तात्यांचा हात थांबला. कपड्यांच्या मानेशी लागणाऱ्या त्या चिठ्ठ्या त्यांस आठवल्या. वाईट वाटले नाही म्हणावे तर ती लबाडी होईल. चार वाजून चाळीस मिनिटांनी तात्यांनी आपले नाव स्वहस्ते पुसले आणि चौकटीचे खरे माप कळवोन पाटी रवाना केली. भाऊंचे उत्तर आले की आता बरोबर, सकाळी आठला घेऊन जा.

दुसरे दिवशी पाटी चढली. काकूंनी रस्त्यापलीकडे उभे राहोन ती वाचिली, पुन्हा वाचिली.

"अहो, तुमचं नाव राहिलं की."

"राहू दे. शिवणार तू."

दहा वाजता पहिले गिऱ्हाईक आले, पाटीकडे पाहोन काकूंचे संपूर्ण नाव घेतले, आणि त्या आहेत का म्हणोन पुसले. ही हाक आपणास आहे हे काकूंच्या ध्यानात यावयास क्षणभर वेळ लागला. मग "मीच ती, या ना," म्हणोन त्या पुढे जाहल्या.

येणेप्रमाणे पाटीची मोहीम फत्ते जाहली. चौकट भरली, रंग कडेपर्यंत पोचला, अक्षर कोठे कापले गेले नाही. आपल्याकडील हानी एक ओळ. ती ओळ ज्यांची होती ते दारात उभे राहोन आल्यागेल्यास बसावयास खुर्ची देत होते, आणि कोणी न पुसताही सांगत होते की या बाई म्हणजे माझे कुटुंब.