अपग्रेड झालं आणि आईचा आवाज गेला

"हरवली बाई किल्ली, शोधून देईल कोण
माझ्या गं श्यामबाळाच्या पाठीला डोळे दोन"

साठ वर्षांपूर्वी रांझीच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये पोळ्या लाटता लाटता आईनं ही ओवी रचली, आणि सात वर्षांच्या श्यामसुंदरच्या आयुष्याला वळण लागलं. कपाटाची हरवलेली किल्ली त्यानं तांदळाच्या डब्यातून काढून दिली होती. पुढं कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षं त्यानं दुसऱ्यांनी केलेल्या नटबोल्टांवर संशय घेतला, आणि निवृत्त होताच राइट टाउनमधल्या घराच्या फाटकाला पाटी ठोकली: 'श्यामसुंदर पागे, गुप्त तपासनीस. बेल जोरात दाबावी.'

स्वतःविषयी श्यामसुंदररावांचं मत मोजकं होतं. नर्मदेत पडलेली टाचणी आपण घाटावर उभं राहून हुडकू. पाण्यानं जरा सहकार्य केलं पाहिजे, इतकंच. किल्लीची केस ते सगळ्यांना ऐकवत. तपशील विचारले की मात्र पाणी प्यायला उठत.

सून प्रणोती पुढच्या खोलीत लग्नांचे व्हिडिओ एडिट करायची. एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर अडून बसलं, आधी ऑपरेटिंग सिस्टिम बदला, मग मी चालीन. खंडेनवमीच्या सकाळी ओळखीतला योगेंद्र येऊन अपग्रेड करून, चहा पिऊन गेला. नवी सिस्टिम थाटात उठली. प्रणोतीनं आजेसासूबाईंवर ती बनवत असलेल्या फिल्मचा प्रोजेक्ट उघडला, तर पडदाभर लाल पट्ट्या. मीडिया सापडत नाही, म्हणजे चित्रांच्या आणि आवाजाच्या फायलीच गायब.

आईच्या आवाजाची एकच कॅसेट होती. कॉम्प्युटरला जोडलेल्या, टेबलामागच्या डिस्कवर उतरवून झाली आणि तिची जुनाट फीत तुटली. तो आवाज ऐकायला श्यामसुंदररावांची थोरली बहीण वसुधा दुपारच्या बसनं सिहोऱ्याहून निघाली होती. तिची नजर गेलेली. फिल्म ती बघणार नव्हती, ऐकणार होती.

"बॅकअप असेल ना?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"आहे ना बाबा. त्याच डिस्कवर."

त्यांनी खडूनं टेबलाभोवती रिंगण काढलं. "घटनास्थळाला कोणी हात लावायचा नाही."

"टेबलामागं एकदा बघू तर द्या. डिस्कची वायर निघाली असेल."

"वायर! गुन्हेगाराला तेच पाहिजे. सगळीकडे तुझे ठसे."

पहिला संशयित योगेंद्र. येताना त्याची पिशवी चपटी होती, जाताना फुगलेली. त्याला फोन करून बोलावलं. पिशवीतून प्रणोतीनंच दिलेले अनारसे निघाले.

"अंकल जी, मी काहून चोरीन कोणाच्या आजीचा आवाज?"

"तेच विचारून राहिलो. हेतू सांग."

"अच्छा, मग मी चलतो," म्हणून योगेंद्र अनारशांसह निघाला.

दुसरी संशयित खुद्द सिस्टिम. "नवा साहेब येतो तेव्हा पहिल्या दिवशी काय करतो? जुन्या फायली बाहेर फेकतो. हीही तसलीच." मग त्यांनी डोळे बारीक केले. "किंवा घरात नवं आलेलं एखादं माणूस."

"मला अकरा वर्षं झाली, बाबा."

तेवढ्यात बेल जोरात वाजली. वसुधाताई आल्या. चप्पल काढली आणि भिंत चाचपत सरळ देवघरात गेल्या. नवमीची हत्यारं मांडलेली होती, झेंडूच्या फुलांत बुडालेली. त्या एकेकावरून हात फिरवू लागल्या.

"ही विळी. हे तुझं कारखान्यातलं मायक्रोमीटर. हा पाना. आणि श्याम, हे काय रे? चपटी डबी. हिची शेपटी लोंबून राहिली."

प्रणोती धावली. हळदीकुंकू ल्यालेली डिस्क देवीपुढे शांत बसली होती.

"बाबा, ही इथं कोणी आणली?"

श्यामसुंदररावांनी छताकडे पाहिलं. तिथं कोणी संशयित नव्हता.

"तू योगेंद्रच्या चहाच्या गडबडीत होतीस. म्हटलं, त्या यंत्राचीही पूजा व्हावी. अख्खं उचलेना, म्हणून त्याचं हे पिल्लू आणलं. मला वाटलं चार्जर असेल. आणि पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं."

"म्हणजे लागला तपास," वसुधाताई म्हणाल्या. "घेऊन जा गं ती. देवीला मी सांगते."

प्रणोतीनं रिंगणाची रेघ ओलांडली, कुंकू पुसून वायर जोडली. लाल पट्ट्या एकेक करून विझल्या. आणि खोलीत लाटण्याच्या ठेक्यावर आई गाऊ लागली. हरवली बाई किल्ली, शोधून देईल कोण.

वसुधाताईंनी स्पीकरवर तळहात टेकवला, ताप बघावा तसा. ओवी संपल्यावर हसल्या.

"तुझी ओवी झाली, श्याम. माझ्या पाठीवर उलथनं झालं. किल्ली मीच घालवली म्हणून आईनं धुतलं होतं. मी तर किल्लीला हातही लावला नव्हता."

श्यामसुंदरराव पाणी प्यायला उठले. दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बहिणीपाशी खाली बसले.

"ताई, ती किल्ली तांदळात मीच टाकली होती."