प्लास्टरची करकोची

पक्षी कसा बोलवायचा, ते मला विचारा! मी प्राणिशास्त्र शिकलेली बाई, जयसिंगपूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझी योजना बिनचूक होती.

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला अण्णासोंचं पाणथळ शेत आहे. मी पाचवीत असताना तिथे पांढऱ्या मानेचे करकोचे यायचे. काळा कोट घातलेल्या वकिलांसारखे चिखलातून चालायचे. बांधावरच्या चिंचेवर त्यांचं घरटं असायचं. मग ते कमी होत गेले आणि एका वर्षी आलेच नाहीत. एसटी तिथून जाताना मी अजून खिडकीकडची जागा धरते.

यंदा अण्णासोंनी शेतात भर टाकून ऊस लावायचं ठरवलं. मी, गावचं तरुण मंडळ आणि खुद्द अण्णासोंच्या मंडळी पारूबाई, अशी आमची समिती त्यांच्या दारात जाऊन बसली.

"दिवाळीपतूर एक जरी पक्षी उतरला तर शेत हाय तसं ठेवतो," अण्णासो म्हणाले. "न्हाय आला तर ऊस. मग रडायचं न्हाय!"

शेतात खोटा करकोचा उभा करायचा, असं मी सुचवलं. आपल्यातलं कुणी निवांत उभं दिसलं, की वरून जाणारा पक्षी उतरतो. गणपतीचा हंगाम संपल्यामुळे मूर्तिकार जोतीराम मोकळाच होता. मी त्याला मापं दिली, फोटो दिले.

करकोचा अगदी मापात झाला. पण डोळ्यांना लांब पापण्या, कपाळावर चंद्रकोर आणि गळ्यात मोत्यांचा हार!

"जोतीराम, हे काय?"

"बाई, उघड्या गळ्याची मूर्ती माझ्या हातनं आजवर भाईर पडल्याली न्हाय."

मी हार खरवडत होते, तेवढ्यात मंडळाचा अध्यक्ष यशराज ट्रॅक्टर घेऊन हजर. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा, मागे हलगी!

"अरे, गुपचूप न्यायचाय तो!"

"गुपचूप न्ह्यायला आपण काय चोरून आणलाय व्हय, बाई?"

मिरवणूक निघाली. गुलाल असा उधळला, की पांढऱ्या मानेचा करकोचा गुलाबी मानेचा झाला. बांधावर फटाके वाजले आणि होते नव्हते ते बगळेही नदीपलीकडे गेले. पारूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्यावर गावातली झाडून सगळी कुत्री जमली!

मी गुलाल धुतला. हलगी, फटाके, सेल्फी, सगळ्यावर बंदी घातली. आम्ही वाट बघू लागलो. अण्णासो रोज सकाळी बांधावरून ओरडायचे, "पावणं आलं न्हाईत व्हय अजून?"

वसुबारसेला उसाचं बियाणं बांधावर येऊन पडलं. "निरीक्षणाचा कालावधी अपुरा आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

आणि त्याच दुपारी तो उतरला!

खराखुरा. एकटाच. आम्ही सगळे बांधाआड पालथे पडलो. तो डुलत डुलत आमच्या मूर्तीजवळ गेला. तिच्याभोवती फिरला. मान वाकवली. मग चिंचेखालची एक काटकी चोचीत धरून आणली आणि तिच्या पायाशी ठेवली. घरट्यासाठी.

मूर्ती समोर बघत राहिली.

त्याने काटकी उचलली, पुन्हा ठेवली. जरा जवळ ठेवली. थांबला.

यशराज नाक ओढू लागला. अण्णासो उठले आणि वाकूनच उसाची मोळी ट्रॉलीत परत टाकून आले. शेत वाचलं होतं. तरी कुणी हसेना. सगळ्यांचं लक्ष त्या काटकीवर.

मला राहवेना. शास्त्र सांगणं माझं कामच. मी हलकेच म्हणाले, "अहो, ही नुसती उपजत प्रेरणा असते. आणि ती तर प्लास्टरची..."

पारूबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला.

"हळू बोला की बाई! त्येला कळंल!"