नऊ जणांची एक चिमूट

कमलाकर मास्तर बरे झाले आणि ठरल्या मुहूर्तावर बार्शीस बोहल्यावर चढले. ही घटना आमच्या पेठेतील वनौषधी सल्लागार मंडळाच्या दप्तरी नाही. सबब ती घडलीच नाही असे धरून पुढील हकीकत वाचावी.

झाडपाल्याने अपाय होत नाही, हे सत्य निर्विवाद आहे. ज्यांनी ज्यांनी तो दुसऱ्याला दिला, त्यांच्यापैकी एकालाही आजवर काही झालेले नाही.

मंडळाचे सभासद नऊ. वैद्यकी शिकलेले शून्य. आजारी पडून वाचलेले नऊ, म्हणजे अनुभव शेकडा शंभर. (जे वाचले नाहीत त्यांचे सभासदत्व आपोआप रद्द होते.)

लग्नाला पाच दिवस उरले असता मास्तरांचे पोट साफ होईना. मंगळवारच्या बाजारात पाला-मुळ्या विकणाऱ्या चंद्रव्वाने त्यांना सोनामुखीची पूड दिली. "निजताना चिमूटभर, कोमट पान्यातनं. एकदाच. लई शाणपना करू नगा," म्हणाली. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पुडी मंडळापुढे ठेवली. चार माणसांना न विचारता औषध घेणे आमच्या पेठेत उद्धटपणाचे मानतात.

तालमीचे वस्ताद तात्याबा यांनी हरकत घेतली. "चिमूट, पर कुनाची? तिची चिमूट मुंगीला बी पुरायची न्हाय." त्यांनी स्वतःची चिमूट करून दाखवली. तीत लिंबू मावले असते.

मंडळाचे चिटणीस वेणीमाधव कोर्टात कारकून. त्यांनी तोडगा काढला: नऊ जणांनी एकेक चिमूट वाटीत टाकावी, बेरजेला नवांनी भागावे, येईल ती प्रमाण चिमूट. वाटी भरली. भागाकार मात्र वेणीमाधवांना कोर्ट गाठायचे असल्याने पुढील सभेवर गेला. औषधाला उशीर नको, असे एकमताने ठरून वाटी तशीच मास्तरांना पाजण्यात आली. ('निजताना' हा शब्द, सभा सकाळची असल्याने, वगळला.)

संध्याकाळपर्यंत मास्तर तेवीस वेळा परसाकडे जाऊन आले. चोविसाव्या वेळी आले नाहीत, आणावे लागले. मंडळाने 'औषध लागू' असा शेरा मारून उतारा म्हणून डाळिंबाच्या सालीच्या नऊ चिमटी मंजूर केल्या. मास्तरांचे डोळे खोल गेले होते. "चंद्रव्वाला बोलवा," ते पुटपुटले. (अर्ज तोंडी असल्याने दाखल करता आला नाही.)

त्यांच्या आई रुक्मिणीबाई मात्र कुणाला न विचारता तिला घेऊन आल्या.

"नऊ चिमटी? अवो, बैलाला सुदिक विचार करून देत्यात की!" चंद्रव्वाने डाळिंबाच्या सालीची वाटी मोरीत ओतली. "मीठ घालून पेज पाजा, घोट घोट. औशीद आता कंचंच न्हाय. उद्याच्याला उतार न्हाय पडला तर दवाखान्यात न्या, माजी वाट बगू नगा."

"आणि यांना काय द्यायचं?" रुक्मिणीबाईंनी दारातल्या नऊ जणांकडे बोट केले.

"ह्यास्नी औशीद न्हाय, बाई."

तिसऱ्या दिवशी मास्तर उठून बसले. मंडळाने चौकशी करून ठरवले की, औषध बंद करणे हे औषध कोणत्याही यादीत नाही. सबब हे बरे होणे गैरकायदा आहे. मास्तरांनी लग्नानंतर सवडीने पूर्ववत आजारी पडून हजर व्हावे, भागाकार तयार आहे, असे त्यांना कळवण्यात आले.

बार्शीहून मास्तरांचा उलट अर्ज आला. तो मंडळाच्या नव्हे, वाचकांच्या नावे असल्याने जसाच्या तसा देतो:

"वरील हकीकत वाचताना ज्यांच्या ओठांवर 'आमच्या घरी यावर एक खात्रीचे औषध आहे' असे आले असेल (दर दहांत दहा), त्यांनी ते तिथेच गिळावे, आणि यापुढे आजाऱ्याकडे गेल्यास 'कसं आहे?' एवढेच विचारून उठू, असे सहीनिशी तीन प्रतींत लिहून देण्याची मेहेरबानी करावी."