प्रभाकर सर आणि म्हातारे तारे

प्रभाकर सर वही घेऊन कुणाच्या दारात उभे राहिले, की त्या घरच्या म्हाताऱ्याचं आता काही खरं नाही, असं आमच्या देऊळघाटात लोक धरून चालतात.

सर माझे शेजारी. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि स्वस्थ बसायचं सोडून परदेशी दुर्बिणींनी टिपलेला ताऱ्यांचा प्रकाश लॅपटॉपवर तपासत बसले. विषय काय, तर खुज्या दीर्घिका! म्हणजे आपल्या आकाशगंगेपुढे अगदीच चिमुकली अशी ताऱ्यांची गावं. मी वांग्यांना पाणी देत असलो की कुंपणापलीकडून सुरू होतात.

"सूर्यासारखा तारा म्हातारा झाला का अंगावरचा वायू सोडून देते. त्यात ऑक्सिजन किती, आर्गॉन किती, हे पाह्यलं का तो जन्मला तवा तिथं काय काय होतं ते समजते. जाता जाता बाळपण सांगून जाते बे तो!"

"सर, वांगे न्या," मी म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

पण ताऱ्यांवर त्यांचं भागेना. गावातल्या जुन्या माणसांनाही विचारत सुटले. लहानपणी भाकर कशाची होती, विहिरीचं पाणी कसं लागायचं. पहिले दोघे मुळातच आजारी होते, ते महिनाभरात गेले. झालं! मग सर कोंडुबुवांकडे गेले. बुवा ऐंशीचे, ठणठणीत, कांद्यातलं तण निंदत बसलेले. सरांना पाहताच त्यांनी खुरपं टाकलं आणि मेहकरच्या दोन्ही लेकींना फोन लावला. दुपारच्या एसटीनं लेकी रडत हजर! बुवा त्यांच्यासोबत पोटभर जेवले.

मी सरांवर चिडलो. "साऱ्या गावाले इचारून राह्यले, घरच्या आईले काऊन नाही?" त्यांची आई नव्वदीला टेकलेली. आताशा दिवसाला चार शब्द बोलली तरी खूप.

सर चष्मा पुसत राहिले. "तिले इचारलं म्हणजे माय जाऊन राह्यली, हे मीच कबूल केलं ना."

मला माझ्या जिभेची लाज वाटली.

तेवढ्यात सरांच्या ओसरीवरून आईचा आवाज आला. तिला ऐकू येत नाही, असं आम्ही दोघंही समजत होतो.

"परभ्या, मी कोणीच नाही का रे? मलेही सांगाचं आहे."

सर धावतच गेले. आई धाड गावच्या माहेराचं सांगू लागली. मायच्या हातची ज्वारीची भाकर, बाजारातून बाप आणायचा तो गूळ. आणि हा पासष्टीचा माणूस तिच्या पायाशी बसून ऐकत होता. ती दम घ्यायला थांबली की घाईघाईनं विचारायचा, "मंग? मंग काय झालं, माय?"