ब्याण्णव नंबरचं कार्ड

दामलेकाका चहात वेलदोड्याचं साल टाकतात, चमचा गरकन फिरवतात आणि साल कुठं जातं ते बघत बसतात. चहा पार थंडगार!

"बघ सुमन, पाणी सरळ जातच नाही!"

"काका, निदान चहा तरी सरळ घशात जाऊ द्या!"

आमचे हे शेजारी समुद्राचे अभ्यासक. आता फरीदाबादला कुठला आलाय समुद्र? इथं उन्हाळ्यात धूळ तेवढी येते. पण काकांचा जन्म अरबी समुद्रातले प्रवाह आणि भोवरे शोधण्यात गेला. पद्धत ऐकाल तर हसाल. प्लास्टिकमध्ये बंद केलेली शंभर पोस्टकार्डं त्यांनी रत्नागिरीपुढं बोटीतून पाण्यात सोडली. ज्याला सापडेल त्यानं जागा आणि तारीख लिहून टपालात टाकायचं, की काका नकाशावर रेघ ओढणार. एक वेरावळला निघालं, एक थेट कोचीला. बरीचशी बेपत्ता. तरी रोज अकराला काका फाटकात हजर. पोस्टमन लांबूनच ओरडतो, "दामलेसाब, आज भी समंदर छुट्टी पे है!"

यंदा त्यांच्या मुलानं गुडगावला फ्लॅट घेतला. लिफ्ट, चोवीस तास पाणी, काकांना वेगळी खोली. काका ढिम्म! "कार्डांवर इथला पत्ता आहे," एवढंच. मुलगा बिचारा रडकुंडीला आला. म्हणाला, "सुमनताई, तुम्हीच समजवा यार."

मी गेले तावातावानं. "काका, हट्ट पुरे झाला. त्या कार्डांचा एव्हाना लगदा झाला असेल. आणि आलंच एखादं, तर मी स्वतः गुडगावला आणून देईन."

काकांचा चमचा थांबला.

"ब्याण्णव नंबरचं भोवऱ्यात अडकलं असेल गं. फिरत असेल. सुटेल कधीतरी."

"त्याचंच एवढं काय?"

"सगळे पत्ते हिनं लिहिले होते. त्या एकावर पत्त्याखाली गंमत म्हणून लिहिलंन, 'वाट बघते. लवकर घरी ये.'"

काकूंना जाऊन सात वर्षं झाली.

"तिनं घरी बोलावलंय त्याला," काका म्हणाले. "एवढा समुद्र फिरून ते यायचं आणि दाराला कुलूप?"

मी घरी जाऊन काकांच्या मुलाला फोन केला. म्हटलं, काका इथंच राहतील, त्यांच्या जेवणाखाणाचं मी बघते. तेवढ्यात अकरा वाजले. हात पुसले आणि जाऊन काकांशेजारी फाटकात उभी राहिले.