बापूभाऊ आणि मागचा डावा कोपरा

बापूभाऊ ढोमणे गाडीला काय झालं हे कधीच विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"गाडी रात्री कुठं झोपली होती?"

मग जमीन सपाट होती का? सकाळी कोणता कोपरा खाली होता? चहाच्या आधी पाहिलं का चहानंतर? मी शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं, पण इतक्या उलटतपासण्या कधी पोरांच्या केल्या नाहीत. पहिल्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "अहो, तुम्ही मेकॅनिक आहात की फौजदार?" तर शांतपणे म्हणतात, "ताई, हवा पळाली आहे. पळालेल्याची चौकशी अशीच करतात जी."

आमच्या बेसा वस्तीत, आपल्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये हा माणूस एकच काम करतो. काही मोठ्या गाड्यांना लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. त्यांच्यातून हवा गळली की गाडी एका अंगाने बसते. ती गळती शोधायची, फुगा बदलायचा. ब्रेक, इंजिन, एसी, कशालाही हात लावणार नाहीत. "ते दुसऱ्याचं काम आहे गा," म्हणून हाकलून देतात.

हत्यारं म्हणाल तर शिंप्याची टेप, दाढीचा ब्रश आणि रिठ्याचं पाणी. रिठे रात्री भिजत घालायचं काम त्यांच्या बायकोचं, कुसुमताईंचं. साबणाचा फेस म्हणे खोटं बोलतो, रिठ्याचा बोलत नाही. गाडीच्या चाकावरच्या खोबणीत असा फेस फासतात, जशी काही तिची दाढीच करायची आहे. मग ओरडतात, "चूप!" शेडमधला पंखा बंद, रेडिओ बंद, घरातला कुकरसुद्धा बंद. एकदा एका वकीलसाहेबांना म्हणाले, "जरा दूर उभे राहा जी, तुमचा श्वास आवाज करून राहिला." वकील बिचारे थेट रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले.

आमची गाडी त्यांच्याकडे गेली ती सासूबाईंमुळे. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ऑटोत चढता येत नाही, लहान गाडीत बसल्या तर उठता येत नाही. म्हणून सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ही जुनी मोठी गाडी घेतली. बटण दाबलं की ती चार बोटं खाली बसते. तेवढ्यावर सासूबाई दीड वर्षानंतर शहराच्या जुन्या महाल भागात आपल्या थोरल्या बहिणीकडे जाऊ लागल्या. मोठ्या मावशी अंथरुणाला खिळलेल्या, फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. भेटायचं तर समोरच जायला हवं. दोघी तीन तीन तास हातात हात घालून बसायच्या. मावशींनी निरोप पाठवला होता, "या रविवारी येच." आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी पुन्हा मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसू लागली. आधी एका ठिकाणी फुग्यांत हवा भरणारा कंप्रेसर बदलून झाला होता, तरी पंधरा दिवसांत तेच.

"कंप्रेसर बिचारा थकला नाही वं ताई," बापूभाऊ म्हणाले. "त्याले थकवलं. हवा पळते अन् तो भरत राहते. गाडी मुक्कामी ठेवा."

दोन रात्री गाडी त्यांच्याकडे राहिली आणि तसूभरही खाली आली नाही! सासूबाई सारख्या मला विचारताहेत, "झाली का गं?" मी शुक्रवारी संध्याकाळी तणतणत शेडमध्ये गेले. बापूभाऊ गाडीकडे डोळे वटारून बघत होते. "लबाड आहे. माझ्यासमोर शहाणी होऊन राहिली."

शनिवारी सकाळी सहाला फोन.

"ताई, मागं डाव्या बाजूले कोण बसते?"

"सासूबाई."

"अन् त्या बसेपर्यंत गाडी खालीच?"

आता सासूबाईंचं बसणं म्हणजे सोहळा. आधी पिशवी, मग पदर, मग चष्मा घरात राहिल्याची आठवण. शिवाय महालात तीन तास सुधीर गाडी खालीच ठेवायचा, निघताना आईला ताटकळत उभं राहावं लागू नये म्हणून. मी सगळं सांगितलं.

"अरे बाप्पा! अन् मी तिले उंच उभी ठेवून पाहून राहिलो! माईंना घेऊन या."

दोन गल्ल्यांचं अंतर. चाकांच्या खुर्चीवरून मी सासूबाईंना ढकलत नेलं. गाडी खाली केली, त्या आत बसल्या. बापूभाऊंनी ठोकळे लावले, ब्रश आत घातला. "चूप!" सासूबाईंनी तोंडावर पदर धरला. मीही श्वास रोखला, खोटं कशाला सांगू! रबराच्या घडीवर फेसाचा एक बुडबुडा आला, वाटाण्याएवढा झाला, लिंबाएवढा झाला, फुटला. गाडी खाली बसली की घडी पडायची आणि घडीतली भेग उघडायची. उंच उभी असली की बंद.

"दिसली वं माय, दिसली!" बापूभाऊ नाचायचेच बाकी होते. घराकडे तोंड करून ओरडले, "कुसुम, ये लवकर! पाहा!"

आतून आवाज आला, "मी कशी येऊ जी?"

ब्रशवरचा फेस बापूभाऊंच्या पायजम्यावर गळू लागला.

"काय झालं तिला?" सासूबाईंनी विचारलं.

"गुडघे. चार वर्षं झाली, ओसरीच्या पुढं आली नाही. स्कूटरवर पाय टाकता येत नाही. मी आनंदात विसरूनच गेलो."

"अरे, मग अशा इतक्या गाड्या येतात तुझ्याकडे! एखादीतून फिरवून का आणत नाहीस?"

"गिऱ्हाइकाच्या गाडीत घरचं माणूस बसवत नाही माई. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात! उद्या मी महालात जाते आहे. माझ्या शेजारी जागा रिकामी आहे."

बापूभाऊंनी बराच वेळ ब्रश पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवा फुगा टाकला की दोन माणसांचं वजन देऊन पाहावंच लागते तसं."

रविवारी कुसुमताई जांभळी साडी नेसून तयार होत्या. गाडी खाली झाली, बापूभाऊंनी हात दिला, आणि त्या बसल्या. सुधीरला उतरवून गाडी बापूभाऊंनीच चालवली. मी त्यांच्या शेजारी. ते रस्ता कमी आणि आरसा जास्त बघत होते. "बापूभाऊ, पुढे बघा!" असं मी तीनदा ओरडले. मागे कुसुमताई विचारत होत्या, "हा पूल कधी झाला जी?" आणि एरवी लोकांना गप्प करणारा हा माणूस एकेक पूल, एकेक दुकान दाखवत सुटला होता. महालात मावशींनी बहिणीचा हात धरला, आणि ओळख ना पाळख, दुसऱ्या हाताने कुसुमताईंचाही. मला रडू आलं. येणारच होतं.

त्याला आता सात महिने झाले. गाडी ठणठणीत आहे. तरी दर शनिवारी फोन येतो.

"ताई, मागच्या डाव्या कोपऱ्याचा मले भरवसा वाटून नाही राहिला. उद्या आणता का जी? माईंनाही आणा."

मीही काळजीच्या आवाजात म्हणते, "आणते हो, बघाच एकदा." रविवारी दहा वाजता गाडी त्यांच्या दारात उभी करते आणि बटण दाबते. कुसुमताई साडी नेसून ओसरीवर बसलेल्याच असतात.