मधाची यादी आणि सुरक्षा सप्ताह

एका जंगलात, बाळांनो, मधाची एक कंपनी होती. तुम्ही म्हणाल, जंगलात कंपनी कशी? गप्प बसून ऐका. तुमच्या बाबांच्या कंपनीत जंगल असतं, तेव्हा विचारता का?

मालक होतं भल्लूशेठ नावाचं अस्वल. कोणत्या झाडावर पोळं आहे आणि ते कधी भरतं, याची कंपनीकडे एक यादी होती. कंपनी म्हणजे खरं तर ती यादीच. ती सांभाळायच्या शेपटेबाई. जातीनं खार, स्वभावानं काळजीखोर. त्यांनी यादीच्या तीन प्रती तीन ढोल्यांत ठेवल्या होत्या. वणवा, पूर, वाळवी, कशाचा नेम नाही. नऊ वर्षांची नोकरी होती आणि घरी चार पिल्लं.

मग शेठनी सुरक्षा अधिकारी नेमला. कोल्हा. मधातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण तो बोलायला लागला की समोरचा घाबरायचा.

"तीन प्रती?" कोल्हेसाहेब किंचाळले. "म्हणजे फुटायला तीन वाटा! एकच ठेवा, माझ्या गुहेत. बाकीच्या जाळून टाका."

बाईंनी एक जाळली. दुसरी मात्र त्यांच्या हातून जाळवेना. ती त्यांनी गुपचूप ढोलीत परत ठेवली.

पुढच्या महिन्यात कोल्हेसाहेबांनी सुरक्षा सप्ताह साजरा केला. हार, नारळ, शपथ, चहा-भजी. शेठनी यादी छातीशी धरून फोटो काढला. तो हत्तीएवढा मोठा करून पाणवठ्यावर लावला. वर लिहिलं, 'आमची माहिती, आमच्याच हाती.' यादीतलं अक्षर न् अक्षर पलीकडच्या काठावरून वाचता येत होतं. पलीकडच्या काठावर माकडांची मधाची कंपनी होती.

चार दिवसांत एकाही पोळ्यात थेंब उरला नाही.

चौकशी झाली. झडती झाली. बाईंच्या ढोलीत प्रत सापडली.

"साहेब, तो पाणवठ्यावरचा फलक तरी बघा हो," बाई काकुळतीला आल्या.

"त्यावर माझा फोटो आहे," शेठ गुरगुरले. "म्हणजे मी फितूर?"

बाईंची नोकरी गेली. त्यांची प्रत टाळ्यांच्या कडकडाटात जाळली. जाताना त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली. बाई रडत घरी गेल्या. मला त्यांचं फार वाईट वाटतं, पण गोष्ट पुढे न्यायला हवी.

पावसाळ्यानंतर पोळी पुन्हा भरली. शेठनी कोल्हेसाहेबांची गुहा उघडली. आत वाळवी होती, यादी नव्हती. फलक पावसानं धुऊन निघाला होता. कोल्हेसाहेब मोठ्या हुद्द्यावर माकडांकडे गेले होते.

शेठ धापा टाकत बाईंच्या झाडाखाली आले.

"शेपटेबाई, नऊ वर्षं सांभाळलीत. यादी पाठ असेलच की तुम्हाला!"

बाईंनी शांतपणे कागद पुढे केला.

"होती ना, साहेब. पण इथं लिहून घेतलंत, कंपनीची कुठलीही माहिती मी डोक्यात बाळगणार नाही. सही केली आणि त्याच क्षणी विसरले. साक्षीदार म्हणून खाली तुमचाच पंजा आहे, बघा."

शेठनी पंजा निरखून पाहिला. त्यांचाच होता.

बाई नमस्कार करून ढोलीत गेल्या. आत चारही पिल्लं मधानं माखलेली बोटं चाटत बसली होती.

तात्पर्य: जी माहिती मालकालाही सापडत नाही, तीच खरी सुरक्षित. भल्लूशेठच्या कंपनीतून त्यानंतर कधी काही फुटलं नाही, आणि यंदाचा जंगल सुरक्षा पुरस्कार बिनविरोध त्यांनाच मिळाला.